न दिसणारा ताण : कारखान्यांतील बोल्ट आणि त्यांची निगा

१७ ऑगस्ट २००९ रोजी सकाळी सव्वाआठच्या सुमारास रशियातील येनिसेई नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचे झाकण उडाले. दोनशे मीटरहून अधिक उंचीवरून येणाऱ्या पाण्याने शेकडो टन वजनाचे फिरते यंत्र जागेवरून उखडून वर फेकले आणि काही क्षणांत यंत्रशाळा पाण्याखाली गेली. त्या सकाळी ७५ माणसे मृत्युमुखी पडली. ६,४०० मेगावॅट क्षमतेचे ते रशियातील सर्वांत मोठे वीजकेंद्र होते आणि त्याची पूर्ण पुनर्बांधणी व्हायला २०१४ साल उजाडले.

चौकशीत लक्ष केंद्रित झाले ते झाकण धरून ठेवणाऱ्या स्टडवर. स्टड म्हणजे डोके नसलेला, दोन्ही टोकांना आटे पाडलेला बोल्ट. त्या झाकणाला ८० मिलिमीटर व्यासाचे असे ८० स्टड होते. त्यांपैकी तपासणीसाठी मिळालेल्या ४९ स्टडमध्ये ४१ स्टडना धातूच्या थकव्यामुळे पडलेल्या भेगा आढळल्या. आठ स्टडचा तर ९० टक्क्यांहून अधिक छेद अपघातापूर्वीच चिरला गेला होता. उरलेल्या धातूच्या पातळ पट्टीवर ते तग धरून होते. सहा स्टडचे आटे शाबूत होते, म्हणजे झाकण उडाले तेव्हा त्यांच्यावर नटच नसावेत, असा निष्कर्ष निघाला. अपघातामागे इतरही कारणे होती. यंत्राला कंपने होती आणि ज्या भारपट्ट्यात ते चालवू नये असे ठरलेले होते, त्यातून ते वारंवार नेले जात होते. परंतु त्या कंपनांचा मार आधी सोसला तो स्टडनी, आणि त्यांच्या आत काय चालले आहे हे बाहेरून कोणाला दिसत नव्हते.

गोव्यात एवढे अवाढव्य यंत्र नाही. मात्र वेर्णा, कुंडई किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत फिरताना वाफेच्या वाहिन्या, रसायनांच्या टाक्या, पंप, कॉम्प्रेसर हे सारे दिसते, आणि त्यातील बहुतेक सांधे बोल्टनीच जोडलेले असतात. बर्फ कारखान्यांतील व मासळी प्रक्रिया केंद्रांतील अमोनियाच्या वाहिन्या, बार्ज दुरुस्तीच्या गोद्या, खनिजाच्या चाळण्या आणि वाहक पट्टेही त्याला अपवाद नाहीत. जोडकाम उघडता यावे, आतील भाग साफ करता यावा, बदलता यावा म्हणून तेथे वेल्डिंग न करता बोल्ट वापरतात. ही सोय मोठीच आहे. तिच्याबरोबर येणारी जबाबदारी मात्र ‘घट्ट आवळले की झाले’ या एका वाक्यात गुंडाळली जाते.

बोल्ट ताणला जातो, म्हणून धरतो

बोल्ट हा दोन वस्तूंमधून आरपार घातलेला जाड खिळा आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तो अत्यंत ताठ स्प्रिंगसारखा वागतो. नट आवळत गेले की बोल्ट ताणला जातो, किंचित लांबतो आणि पूर्ववत आखूड होण्यासाठी ओढ घेऊ लागतो. त्या ओढीने मधले दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. अभियंते या ओढीला पूर्वताण म्हणतात. सांध्याची पकड, त्याची गळतीरोधकता आणि त्याचे आयुष्य ही तिन्ही या पूर्वताणावर अवलंबून असतात.

आकडे पाहिले म्हणजे प्रकरणाचा नाजूकपणा कळतो. कारखान्यात सर्रास वापरला जाणारा १६ मिलिमीटर व्यासाचा, ८.८ वर्गाचा बोल्ट घ्या. तो योग्य आवळला तर सुमारे ७० किलोन्यूटन, म्हणजे सात टन वजनाइतकी ओढ धरतो. सहा सेंटिमीटर जाडीच्या जोडात एवढी ओढ निर्माण होताना बोल्टची लांबी वाढते ती अवघी ०.१३ मिलिमीटर, पोस्टकार्डाच्या जाडीहूनही कमी. सात टनांची सारी पकड एवढ्याशा लांबीत साठवलेली असते. आता फ्लँजच्या पृष्ठभागावर गंजाचे पापुद्रे असले, वॉशरखाली रंगाचे दोन-तीन थर राहिले किंवा तोडकामाचे खडबडीत कंगोरे राहिले, तर काही दिवसांत ते चेपले जातात. हे चेपणे ०.०४ मिलिमीटर झाले तरी ढोबळ हिशेबाने जवळजवळ एक तृतीयांश पूर्वताण गेला. नट तसूभरही फिरलेला नसतो, तरी पकड गेलेली असते. जोड १५ सेंटिमीटर जाडीचा असता तर बोल्ट सुमारे ०.३३ मिलिमीटर ताणला गेला असता आणि तेवढ्याच चेपण्याने नुकसान आठव्या हिश्शाच्या आसपास राहिले असते. म्हणूनच जाणते आरेखक शक्य तेथे लांब बोल्ट वापरतात, प्रसंगी नटाखाली नळीसारखा जाड ठोकळा घालून मुद्दाम लांबी वाढवतात. आपल्याकडे गंजाच्या भीतीने बोल्ट घालण्यापूर्वीच सगळ्या पृष्ठभागांना रंगाचे जाड थर देण्याची पद्धत आहे. रंग हवाच, पण जेथे नट बसणार आणि जेथे दोन भाग एकमेकांना भिडणार, ती जागा कोरी किंवा पातळ थराची ठेवून, जोड आवळल्यावर बाहेरून रंग देणे हा योग्य क्रम होय.

पूर्वताणाचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे आणि ते चटकन पटत नाही. पुरेशा आवळलेल्या सांध्यावर बाहेरून कमीअधिक होणारा भार आला, तर त्यातील मोठा भाग दाबलेल्या तुकड्यांवरील दाब हलका होण्यात खर्ची पडतो. बोल्टच्या वाट्याला त्या चढउताराचा साधारणतः दशांश ते पंचमांश हिस्सा येतो. तोच बोल्ट सैल असेल तर प्रत्येक हिसका त्याला पूर्णपणे सोसावा लागतो. धातू एका मोठ्या भाराने मोडतो त्यापेक्षा कितीतरी कमी भाराने, पण लाखो आवर्तनांनंतर, मोडू शकतो. हाच त्याचा थकवा. भेग बहुधा नटाच्या आत, ज्या पहिल्या आट्यावर भार येतो तेथे सुरू होते. ती जागा नटाने झाकलेली असते. एक स्टड चिरला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो, त्यांचीही भेग वाढते आणि हा क्रम वेगाने पुढे सरकतो. सायानोच्या ४१ स्टडमधील भेगा एका सकाळी पडलेल्या नव्हत्या. ‘जास्त आवळला तर बोल्ट तुटेल, थोडा सैल बरा’ हा सावधपणा यंत्रशाळेत अनेकदा ऐकू येतो. कंपने असलेल्या यंत्राच्या बाबतीत तो नेमका उलटा सल्ला आहे.

पान्ह्याचा ‘टक्’ आवाज काय सांगतो?

पूर्वताण थेट मोजणे कठीण म्हणून आपण नट फिरवायला लागणारा पीळ, म्हणजे टॉर्क मोजतो. टॉर्क रेंच ठरावीक आकड्यावर लावली की त्या पिळाला ‘टक्’ असा आवाज येतो आणि काम बरोबर झाले असे मानले जाते. या पिळाचे होते काय, ते पाहणे उद्बोधक आहे. ढोबळमानाने त्यातील निम्मा भाग नटाच्या बैठकीखालील घर्षणात जातो, आणखी ४० टक्के आट्यांतील घर्षणात जातो आणि बोल्ट ताणण्यासाठी उरतो तो सुमारे दहावा हिस्सा. घर्षण किंचित बदलले तरी हा दहावा हिस्सा कुठच्या कुठे जातो.

वरचाच १६ मिलिमीटरचा बोल्ट घेऊन हिशेब करू. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर सुमारे २२५ न्यूटन-मीटर पीळ दिला तर ७० किलोन्यूटन ओढ मिळते. कोणीतरी सद्हेतूने आट्यांना चांगले वंगण लावले आणि पीळ मात्र तोच ठेवला, तर ओढ १०८ किलोन्यूटनच्या आसपास जाते. हा बोल्ट साधारण १०० किलोन्यूटनला कायमचा लांबू लागतो, म्हणजे तो आवळतानाच निकामी झाला. उलट, आटे गंजलेले असतील तर त्याच पिळात जेमतेम ४५ ते ५० किलोन्यूटन ओढ येईल. तिन्ही वेळा पान्ह्याचा आवाज एकच.

यावरून टॉर्क रेंच निरुपयोगी ठरत नाही. पण टॉर्कच्या आकड्यासोबत वंगण कोणते, आटे नवे की जुने, वॉशर कठीण पोलादाचा आहे की नाही, हे ठरवून लिहिलेले नसेल तर तो आकडा अर्धवट आहे. हे सारे नीट सांभाळले तरी टॉर्क रेंचने मिळणाऱ्या पूर्वताणात पाव हिश्शाचा फरक वर-खाली राहतो, हे अभियंत्यांनी गृहीत धरलेलेच असते. म्हणून मोठ्या आणि धोक्याच्या जोडांसाठी इतर मार्ग आहेत. नट आधी टेकेपर्यंत आवळून नंतर ठरावीक अंशांत फिरवणे हा त्यातला स्वस्त मार्ग. जाड स्टडसाठी हायड्रॉलिक टेन्शनर वापरतात. तो तेलाच्या दाबाने स्टड सरळ ओढून धरतो, तेवढ्यात नट हाताने खाली बसवतात आणि दाब सोडतात. यात पीळ नाही, त्यामुळे घर्षणाचा घोळही बराच टळतो. आणखी काटेकोरपणा हवा असेल तर आवळण्यापूर्वी आणि आवळल्यानंतर बोल्टची लांबी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजता येते. पाईप अडकवून पान्ह्याचा दांडा लांब करणे आणि अंगाचे सारे वजन टाकून आवळणे हा मार्ग मात्र कोणत्याही पुस्तकात नाही, तरी बहुतेक कारखान्यांत आहे.

वाहिन्यांच्या फ्लँजमध्ये प्रश्न एका बोल्टपुरता राहत नाही. दोन फ्लँजमध्ये गॅस्केट असते आणि ते सर्व बाजूंनी सारखे दाबले गेले तरच गळती थांबते. एका बाजूने सुरुवात करून गोलाकार आवळत गेले तर गॅस्केट त्या बाजूला चिरडते आणि समोर फट राहते. त्यासाठी समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे आवळायचे असतात. तेही एकदम नाही. पहिल्या फेरीत अंतिम टॉर्कच्या २० ते ३० टक्के, दुसऱ्या फेरीत ५० ते ७० टक्के, मग पूर्ण, आणि त्यानंतर एकही नट हलेनासा होईपर्यंत गोलाकार फेऱ्या. अमेरिकी यांत्रिक अभियंता संस्थेच्या पीसीसी-१ या मार्गदर्शिकेतील हा परिपाठ जगभर मानला जातो. शेवटच्या फेऱ्या कंटाळवाण्या वाटतात म्हणून त्या गाळल्या जातात. पण एक बोल्ट आवळला की शेजारचा सैल पडतो, ही गोष्ट त्या फेऱ्यांमध्येच निस्तरली जाते. गॅस्केटही बसताना दबत जाते, म्हणून किमान चार तासांनी आणखी एक फेरी घेणे हितावह असते. रबराच्या बंधाने बनवलेली तंतुमय गॅस्केट मात्र एकदा तापल्यावर पुन्हा आवळू नयेत, ती कडक होऊन तडकतात. जुने गॅस्केट पुन्हा वापरणे आणि एका रेषेत नसलेल्या वाहिन्या बोल्टच्या जोराने ओढून जुळवणे, या दोन्ही सवयी गळतीला आमंत्रण देतात. अमोनियाच्या बाबतीत त्याची किंमत आसपासच्या वस्तीलाही मोजावी लागू शकते.

स्प्रिंग वॉशरवरचा विश्वास

कंपनांनी नट सैल का होतो, याचा नेमका उलगडा जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये केला. बोल्टच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडव्या दिशेने होणारी सरक अधिक घातक असते, असे त्यांनी दाखवले. जोडलेले दोन भाग आडवे घसरू लागले की आट्यांमधील आणि नटाखालील घर्षणाची पकड क्षणभर सुटते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. त्यांनी त्यासाठी बनवलेले चाचणीयंत्र आजही वापरात आहे. त्या यंत्रावर आपला सर्वपरिचित स्प्रिंग वॉशर काही विशेष करत नाही असे दिसते. पूर्ण आवळलेल्या बोल्टखाली तो सपाट होतो आणि नुसत्या वॉशरसारखाच राहतो. दुकानात बोल्टबरोबर तो मागण्याची आपली सवय मात्र सुटत नाही.

आडवी सरक थांबवण्याचा पहिला उपाय पुन्हा पूर्वताणच. त्याखेरीज एकमेकांत अडकणाऱ्या उताराच्या दातांचे जोडवॉशर, आट्यांत घालायचा चिकटद्रव, नायलॉनची कडी असलेले नट असे पर्याय आहेत. नायलॉनचा नट वाफेच्या वाहिनीजवळ चालत नाही. दोन नट वापरायचे असतील तर पातळ नट खाली आणि जाड नट वर हवा, कारण अंतिम भार वरचा नट घेतो. बहुतेक ठिकाणी हे उलटे बसवलेले दिसते. खनिजाच्या चाळण्या आणि वाहक पट्टे यांवरील बोल्ट दर पाळीला पाहण्याची शिस्त असेल, तर नटापासून शेजारच्या पृष्ठभागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. या उपायाला फारसा खर्च नाही. मात्र रेघ अखंड असली म्हणजे पूर्वताण शाबूत आहे असे नव्हे. रंग चेपल्याने गेलेली ओढ तिला कळत नाही.

खारा वारा आणि डोक्यावरचे आकडे

किनारपट्टीवर बोल्टचा मोठा शत्रू गंज. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत साध्या पोलादाचे आटे लवकर खाल्ले जातात. बारीक झालेला बोल्ट ठरलेली ओढ धरू शकत नाही आणि दुरुस्तीच्या वेळी तो उघडतही नाही. जस्ताचा जाड मुलामा किंवा समुद्राच्या हवेला अधिक टिकणारे ए४ वर्गाचे स्टेनलेस पोलाद हे उपाय प्रचलित आहेत. दोन्हींना आपापल्या खोडी आहेत. स्टेनलेसचे कोरडे आटे आवळताना एकमेकांना चिकटून जाम होतात. त्यांना योग्य वंगण लागतेच आणि यंत्राने वेगात आवळणे टाळावे लागते. शिवाय ए४-७० बोल्टची ताकद ८.८ बोल्टपेक्षा कमी असते, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा घालण्यापूर्वी हिशेब करावा लागतो.

अतिकठीण बोल्टची खोड अधिक कपटी आहे. आम्लात धुऊन विजेच्या साहाय्याने जस्त चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो. तो नंतर काही तासांनी, दिवसांनी अगदी सुरक्षित वाटणाऱ्या ताणाखाली बोल्टचे तुकडे करतो. अतिकठीण पोलादात हायड्रोजन भोवतालच्या ओलाव्यातूनही शिरू शकतो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे पुलावर मार्च २०१३ मध्ये जस्तलेपित ९६ नांगरदांड्यांपैकी ३२ दांड्या ताणल्यानंतर थोड्याच दिवसांत तुटल्या, त्या हायड्रोजनामुळे आलेल्या ठिसूळपणानेच. म्हणून ‘जास्त नंबरचा बोल्ट म्हणजे जास्त सुरक्षित’ हे गणित सरसकट लागू पडत नाही. १०.९ किंवा १२.९ वर्गाच्या बोल्टवर साध्या दुकानातून मुलामा चढवून घेणे धोक्याचे आहे.

हे वर्गाचे आकडे बोल्टच्या डोक्यावर उठवलेले असतात आणि ते वाचणे सोपे आहे. ८.८ मधील पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की बोल्ट तुटण्याचा ताण मिळतो, ८०० मेगापास्कल. दोन्ही आकड्यांचा गुणाकार दहापट केला की तो कायमचा लांबू लागण्याचा ताण, ६४० मेगापास्कल. आपल्याकडे आयएस १३६७ हे मानक या बोल्टना लागू होते. डोक्यावर काहीच खूण नसलेला बोल्ट दाबाच्या वाहिनीवर घालू नये. नटही त्याच तोडीचा हवा, ८.८ च्या बोल्टला कमीत कमी ८ वर्गाचा नट, नाहीतर बोल्ट धरतो आणि नटाचे आटे सोलून निघतात. भंगारातून किंवा आधीच्या दुरुस्तीतून उरलेल्या बोल्टचा डबा प्रत्येक देखभाल विभागात असतो. एकदा मर्यादेपलीकडे ताणला गेलेला बोल्ट दिसायला नव्यासारखाच असतो, हे त्या डब्यात हात घालताना आठवायला हवे.

जोड उघडताना

आवळण्याइतकेच उघडणे जोखमीचे आहे. वाहिनी बंद केली, निचरा केला, दाबमापकाचा काटा शून्यावर आला, एवढ्यावर भागत नाही. मापकाची नळी गाळाने तुंबलेली असू शकते. झडपांना कुलूप आणि सूचनापट्टी लावून, निचरा तोंडातून खरोखर काही येत नाही हे पाहून मगच पान्हा लावावा. पहिला नट आपल्या विरुद्ध बाजूचा सैल करावा, म्हणजे आत काही उरले असेल तर ते दूर उडेल. नट पूर्ण काढू नयेत. दोन-तीन आटे सैल करून जोड मोकळा होऊ द्यावा आणि आतले शिल्लक बाहेर पडले की पुढे जावे. उभे राहायचे ते वाऱ्याच्या वरच्या बाजूला. दाबाखाली असलेल्या वाहिनीचा गळका फ्लँज ‘जरा आवळून’ पाहणे तर टाळावेच. गळतीचे कारण चिरलेला स्टड असेल तर तो त्या वाढीव पिळातच तुटतो आणि समोर माणूस उभा असतो.

नोंदींच्या बाबतीत आपले कारखाने सर्वांत कमी पडतात, असे म्हणावेसे वाटते. वार्षिक बंदच्या काळात शेकडो जोड उघडले जातात, काम बहुधा कंत्राटी तुकड्यांकडे असते आणि यंत्रे पुन्हा सुरू करण्याची घाई शेवटच्या दोन दिवसांत साऱ्यांच्या मानगुटीवर बसते. अशा वेळी प्रत्येक महत्त्वाच्या जोडाला एक चिठ्ठी बांधलेली असावी. तिच्यावर जोडाचा क्रमांक, बोल्टचा वर्ग, गॅस्केटचा प्रकार, वंगण, टॉर्क, टॉर्क रेंचच्या शेवटच्या तपासणीची तारीख, आवळणाऱ्याची व पाहणाऱ्याची सही एवढे असले तरी पुरे. अर्धवट आवळलेला जोड पाळी बदलताना पुढच्या माणसाला त्या चिठ्ठीवरूनच कळतो. जाड स्टडची अल्ट्रासॉनिक तपासणी स्टड जागेवर असतानाही होऊ शकते; टोकावर शोधक टेकवला की नटाच्या आतली भेग पडद्यावर उमटते. कंपने वाढलेल्या यंत्राची अशी तपासणी वार्षिक बंदपर्यंत थांबवू नये. तुटलेला स्टड सापडला तर नवा बसवण्यापूर्वी त्याचे दोन्ही तुकडे पुसून न घासता पिशवीत ठेवावेत. भेगेच्या पृष्ठभागावर समुद्राच्या लाटांनी वाळूवर उमटवावेत तसे वलयांचे ठसे असतील तर तो थकव्याने तुटला आहे, आणि त्याच जोडातील बाकीचे स्टडही त्याच दिवशी बाहेर काढून तपासावे लागतील.